मेंढ्याला धाप का लागली?

आधीच सांगून टाकते, आजचा विषय जरा अवघड आहे. समजायला नव्हे, चारचौघांत बोलायला. हा ब्लॉग माझी आत्या वाचते, दोन मावश्या वाचतात आणि एक भाचा वाचतो (बहुधा फक्त खाण्याच्या फोटोंसाठी). तेव्हा 'वृषण' हा शब्द पहिल्याच परिच्छेदात लिहून मोकळी होते. ज्यांना खिडकी बंद करायची असेल त्यांनी आत्ताच करावी. :)

बाकीच्यांसाठी प्रश्न असा. मेंदू कवटीत, हृदय बरगड्यांच्या आत, आणि ज्यावर पुढची पिढी अवलंबून ते इंद्रिय मात्र बैलाच्या, मेंढ्याच्या, कुत्र्याच्या अंगाबाहेर लोंबतं. काटा लागेल, लाथ बसेल, कोणी चावेल. असं का? 'थंड राहावं म्हणून' हे उत्तर आपण शाळेत ऐकलेलं असतं. पण त्यावर दुसरा प्रश्न आपण विचारत नाही. पिशवी बाहेर टांगली हे ठीक, पण तिच्यात येणारं रक्त तर आतूनच येणार ना? ते येणार अंगाइतकंच गरम, आणि येणार सतत. चुलीवरचं आधण खिडकीत ठेवलेल्या भांड्यात ओतत राहिलं तर ते भांडं गार कसं राहील?

या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळायला फार वेळ लागला. ते मिळालं कसं, ही गोष्ट मला गेले काही दिवस सोडत नाहीये.

सुरुवात ॲरिस्टॉटलपासून करावी लागते (कुठल्याही गोष्टीची करावी लागते, त्याला इलाज नाही). त्याच्या मते वृषण म्हणजे नुसती वजनं. ग्रीक बायका उभ्या मागावर धागे ताणलेले राहावेत म्हणून खाली दगड बांधत, तसे निसर्गानं आतल्या नळ्या ताणलेल्या राहाव्यात म्हणून हे दगड बांधलेत. आज हसू येतं, पण विचार करा, त्यानं निदान 'हे खाली का लोंबतंय' हा प्रश्न विचारला होता. पुढे बराच काळ तेवढंही फारसं कोणी विचारलं नाही.

विचारण्याऐवजी लोकांनी चित्रं काढली. १६६८ मध्ये डेल्फ्टच्या रेनिए द ग्राफ यानं पुरुषाच्या जननेंद्रियांवर एक आख्खं पुस्तक लिहिलं. हा माणूस १६७३ साली वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेला, पण तेवढ्यात त्यानं जे चिरून पाहिलं ते अजून पाठ्यपुस्तकांत आहे. या विच्छेदनकारांना वृषणाच्या वर, दोरीसारख्या भागात एक विलक्षण गोष्ट दिसत होती. खाली येणारी रोहिणी सरळ येत नाही. ती वळ्यावळ्यांची, गुंतवळ झालेली असते, आणि तिच्याभोवती परत वर जाणाऱ्या नीलांचं दाट जाळं विणलेलं असतं. मांडवावर चढताना द्राक्षाचा वेल जे बारीक पिळदार तणावे टाकतो, त्यांची आठवण यावी असं. त्या जाळ्याला लॅटिनमध्ये नावही त्या तणाव्यांवरूनच पडलं. नाव फार सुंदर, चित्रं फार सुंदर. पण ते असं का आहे? द्राक्षं दिसली, तणावे दिसले, नाव ठेवलं, पुढे गेले.

१७६२ मध्ये लंडनच्या जॉन हंटरनं गर्भातलं वृषण पोटातून खाली कसं उतरतं ते दाखवलं आणि ज्या पट्ट्याच्या आधारानं ते उतरतं त्याला नाव दिलं. १८३० मध्ये ॲस्टली कूपरनं वृषणाच्या रचनेवर आणि रोगांवर मोठा ग्रंथ काढला. पुन्हा उत्तम चित्रं. दोघेही थोर शल्यवैद्य, माझं त्यांच्याशी काही भांडण नाही. पण चित्राला तापमान नसतं, हा मुद्दा आहे. चिरलेला प्राणी मेलेला असतो आणि मेलेल्या प्राण्याच्या दोन्ही नळ्या सारख्याच गार असतात.

थर्मामीटर आला तो विसाव्या शतकात. १९२२ साली एडिंबरामध्ये फ्रान्सिस क्रू यांनी एक लहानसा लेख लिहिला. ज्या नराचं वृषण खाली उतरतच नाही, पोटातच राहतं, त्यात शुक्रजंतू तयार होत नाहीत हे पशुपालकांना आणि डॉक्टरांना माहीत होतं. समजूत अशी की ते मुळातच सदोष असतं म्हणून उतरत नाही. क्रू म्हणाले, उलटं असेल तर? ते चांगलंच असेल, पण पोटाच्या उबेत राहिल्यामुळे बिघडत असेल तर?

शिकागोमध्ये कार्ल मूर यांनी हे करून पाहिलं. गिनीपिगचं उतरलेलं, धडधाकट वृषण शस्त्रक्रियेनं पुन्हा पोटात ढकललं. थोड्याच दिवसांत शुक्रजंतू तयार करणारा थर ढासळायला लागला. फार उशीर न करता परत खाली आणलं, तर हळूहळू सुधारलं. आणि १९२४ मध्ये तर त्यांनी काहीच कापलं नाही. मेंढ्याची पिशवी नुसती उबदार आवरणात गुंडाळून ठेवली. स्वेटर घातला म्हणा ना. तेवढ्यानंही तेच झालं.

मूर यांच्या कामातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती सहसा सांगितली जात नाही. उबेनं शुक्रजंतू जातात, पण नराचं नरपण जात नाही. वृषणात दोन निरनिराळे कारखाने आहेत. एक शुक्रजंतूंचा, एक संप्रेरकाचा. गरमीनं पहिला बंद पडतो, दुसरा बराचसा चालू राहतो. म्हणजे तो मेंढा तसाच धिप्पाड दिसतो, तसाच टकरा घेतो, मेंढीवर तसाच चढतो. फक्त मेंढी गाभण राहत नाही.

आता दोष कोणाला लागणार?

आमच्या आजोळी गाय भरवून आणली आणि एकवीस दिवसांनी परत माजावर आली की 'उलटली' म्हणत. उलटली कोण, तर गाय. दोन-तीनदा उलटली की तिचं खाणं बघायचं, तिला कसलं कसलं औषध पाजायचं, आणि तरी नाही राहिली तर बाजार. वळूकडे कोणी बघत नसे. त्याच्याकडे बघून शंका येण्यासारखं काही नव्हतंच, मानेवर हा एवढा वशिंड, गावात दरारा. वर वेळेचा घोळ. वळूच्या शुक्रजंतूला तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात. म्हणजे वैशाखातल्या एका भयंकर आठवड्यानं जे नुकसान केलं ते दिसणार आषाढात, जेव्हा हवा गार झालेली असते आणि ऊन कोणाच्या लक्षातही नसतं. आता गायींना बहुतेक ठिकाणी तपासलेल्या गोठित रेताची कांडी भरतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न पुष्कळ कमी झाला. शेळ्या-मेंढ्यांच्या कळपात मात्र अजूनही बोकड आणि मेंढाच असतो. (माणसांच्या बाबतीत 'उलटली' कोणाला म्हणतात हे मी लिहीत नाही. वाचणाऱ्यांत दोन मावश्या आहेत, आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.)

असो. मेंढ्यांकडे परत येऊ, कारण पुढची गोष्ट मेंढ्यांच्याच देशात घडते.

ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलंड म्हणजे रणरणता उन्हाळा आणि लाखो मेंढ्या. तिथे कोकरं कमी का होतात हा पैशांचा प्रश्न होता, तत्त्वज्ञानाचा नव्हे. १९४२ मध्ये गन, सँडर्स आणि ग्रेंजर यांनी नर मेंढ्यांच्या वीर्याचा अभ्यास छापला आणि गरमीनं ते बिघडतं हे दाखवलं. म्हणजे कोकरांचा हिशेब फक्त मेंढीकडे मागून चालणार नव्हतं.

पण आपला आधणाचा प्रश्न अजून तसाच होता. रक्त गरम येतं, त्याचं काय?

याचं उत्तर द्यायला घेणारे दोघे जण ऑक्सफर्डचे, आर. जी. हॅरिसन आणि जे. एस. वायनर. दोघांची नावं वेगळ्याच कारणांसाठी प्रसिद्ध आहेत. वायनर हे पुढे १९५३ मध्ये 'पिल्टडाऊन मानव' ही बनवाबनवी उघडकीला आणणाऱ्यांपैकी एक. आणि हॅरिसन हे १९६८ मध्ये तुतनखामेनच्या ममीचे एक्स-रे काढणारे. त्याआधी, १९४८-४९ मध्ये, हे दोघे निरनिराळ्या सस्तन प्राण्यांचे वृषण आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांचे वेटोळे तपासत होते. कुणाच्या चरित्रात हे पान ठळक छापलं जात नाही, पण मला तरी ते ममीपेक्षा कमी वाटत नाही. त्यांना दिसलं की वेटोळ्यांचा आणि गारव्याचा काहीतरी संबंध आहे, रक्त वाटेतच निवत असावं.

कसं निवतं, तर असं. रोहिणीतून गरम रक्त खाली येतंय. तिला अगदी चिकटून नीलांतून गार रक्त वर जातंय. दोन दिशा उलट, भिंती पातळ, रक्त कुठेच मिसळत नाही. फक्त ऊब या नळीतून त्या नळीत जाते. खाली येणारं रक्त पायरीपायरीनं गार होत जातं आणि वर जाणारं पायरीपायरीनं गरम होत जातं. वरून आलेली ऊब अर्ध्या वाटेवरूनच घरी परत पाठवली जाते. वेटोळी एवढ्यासाठी, की नळी जितकी लांब तितका शेजार जास्त. मोठ्या वळूत दहा-बारा सेंटिमीटरच्या त्या शंकूत गुंडाळलेली रोहिणी उलगडली तर मीटरांत मोजावी लागते. रोहिणी-नीलांच्या शेजाराची ही कल्पना फ्रान्सच्या क्लोद बर्नारनं १८७६ मध्ये प्राण्यांच्या उष्णतेवरच्या व्याख्यानांत सुचवून ठेवलेली होती. वृषणाच्या संदर्भात ती नेमकी मांडली गेली १९५९ मध्ये, आणि १९६१ मध्ये जेफ्री वेट्स आणि मूल या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जिवंत मेंढ्याच्या वाहिन्यांत बारीक तापमापक तारा घालून ती मोजली. मेंढ्याच्या अंगात रक्त ३९ अंशांच्या आसपास असतं. ते वृषणापाशी पोचेपर्यंत सुमारे ४ अंशांनी उतरलेलं होतं.

द ग्राफच्या काळापासून जवळजवळ तीनशे वर्षं लोक ज्या तणाव्यांकडे बघत होते, ते हे.

अर्थात नीलांतलं रक्त आधी गार व्हायला हवं, नाहीतर ही देवाणघेवाण होणार कशी. ते काम कातडीचं. पिशवीची कातडी पातळ, तिच्याखाली चरबी जवळजवळ नाही, आणि घामग्रंथी भरपूर. मेंढ्याच्या अंगावर लोकर असते पण इथे फारशी नसते, आणि इथल्या घामग्रंथी एकदमच, ठराविक वेळानं झरतात. थंडी पडली की पिशवीच्या कातडीतला स्नायू आकसतो, तिला सुरकुत्या पडतात, वरचा स्नायू तिला अंगाजवळ ओढून घेतो. उन्हाळ्यात उलट, सगळं सैल, लांब लोंबतं. फार थंडीही वाईटच. उत्तर अमेरिकेतल्या कडक हिवाळ्यात वळूंच्या पिशवीला खालून हिमदंश होतो. मग सूज येते, आणि गार ठेवणारी पिशवीच उबदार होऊन बसते.

आता शीर्षकातली धाप. वेट्स यांनी १९६२ मध्ये आणखी एक प्रयोग छापला. मेंढा गारव्यात आरामात उभा. त्याची फक्त पिशवी बाहेरून गरम केली. मेंढा धापा टाकायला लागला. कुत्रा टाकतो तशा, भराभर. बाकी अंगाला काही गरम होत नव्हतं, उलट धापेमुळे त्याच्या अंगाचं तापमान घसरत गेलं, तरी धाप चालूच. म्हणजे ती एवढीशी कातडी सगळ्या देहाच्या वतीनं 'उकडतंय' म्हणून सांगते आणि बाकीचा देह तिचं ऐकतो. हे वाचून मी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानं फक्त 'बरोबर आहे' एवढंच म्हटलं आणि वर्तमानपत्र वर धरलं.

इथपर्यंत गोष्ट छान सरळ चालली होती. पण 'गरमीनं नुकसान का होतं' या प्रश्नावर तिला एक वळण आहे आणि ते अगदी अलीकडचं आहे.

वेट्स आणि ब्रायन सेचेल यांनी १९६४ मध्ये शुद्धीवरच्या मेंढ्यांत वृषणाचा रक्तप्रवाह मोजला. त्यांना दिसलं की वृषण गरम केलं की त्यातल्या पेशींची भूक वाढते, पण रक्तप्रवाह त्या मानानं वाढत नाही. इतर कुठलाही अवयव गरम झाला, कामाला लागला, की जास्त रक्त मागवतो आणि ते मिळतं. इथे नळी लांब, वेटोळ्यांची, पुरवठा जेमतेम. त्यावरून स्पष्टीकरण तयार झालं की गरमीत वृषण प्राणवायूवाचून गुदमरतं. ऐकायला इतकं पटणारं, की पन्नास वर्षं ते पाठ्यपुस्तकांत राहिलं. गार करण्यासाठी केलेली युक्तीच शेवटी गळ्याशी येते, असं काहीतरी शोकांतिकेसारखं त्यात आहे. मलाही ते फार आवडलं होतं.

ते बहुधा खरं नाही. गेल्या दशकात कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात जॉन कॅस्टेलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांवर अगदी सरळ प्रयोग केला. काही मेंढ्यांची पिशवी गुंडाळली, काहींची नाही, आणि श्वासाला कुणाला कमी, कुणाला नेहमीइतका, कुणाला भरपूर प्राणवायू दिला. प्राणवायू कमी पण वृषण गार, तर विशेष बिघडलं नाही. प्राणवायू भरपूर पण वृषण गरम, तर बिघडलं. भरपूर प्राणवायूनं काही वाचलं नाही. आणि त्यांच्या मोजमापांत गरम वृषणाचा रक्तप्रवाह वाढलेलाही दिसला. म्हणजे गुदमरणं नव्हे, गरमीच. १९२२ मध्ये क्रू यांनी जेवढं म्हटलं होतं, जवळजवळ तेवढंच उरलं.

आता ज्यांना पिशवीच नाही त्यांचं काय? डॉल्फिनचे वृषण पोटात असतात, आणि तेही पोहण्याच्या दोन प्रचंड स्नायूंच्या मध्ये, म्हणजे अक्षरशः इंजिनाला खेटून. पाणी कापायचं तर बाहेर काही लोंबवून चालत नाही. १९५५ मध्ये शोलांडर आणि शेव्हिल यांनी देवमाशांच्या परांत रोहिणीभोवती नीलांचं कडं दाखवलं होतं, तीच उलट्या वाहत्या रक्ताची युक्ती, पण ऊब वाचवण्यासाठी. ऊब वाचवायची नसेल तेव्हा रक्त कातडीलगतच्या नीलांतून परत येतं, समुद्राच्या पाण्यानं चांगलं निवून. ते निवलेलं रक्त पुढे जातं कुठे, हे १९९२ मध्ये रोमेल, पॅब्स्ट, मॅकलेलन, मीड आणि पॉटर यांनी दाखवलं. पाठीवरच्या पराचं आणि शेपटीचं गार रक्त सरळ पोटात, वृषणाला जाणाऱ्या रोहिण्यांच्या जाळ्याला चिकटून उतरतं. १९९४ मध्ये जिवंत डॉल्फिनच्या आतड्यात तापमापक घालून पाहिलं, तर नेमक्या त्या जागी तापमान आजूबाजूपेक्षा कमी. १९९५ मध्ये पोहायला लावून पाहिलं. पोहल्यावर ते आणखी उतरलं! पळून आल्यावर आपला जीव उकडतो, त्याचा एक कोपरा तेव्हाच गार होतो. आणि मादीत हीच व्यवस्था गर्भाशयापाशी आहे, हे त्यांनी १९९३ मध्ये मांडलं. वाढणारा गर्भ स्वतः ऊब तयार करतो आणि ती बाहेर टाकायला त्याला स्वतःची कातडी वापरता येत नाही. आईच्या पाठीवरचा पर त्याच्यासाठी गार रक्त पाठवतो.

हत्ती मात्र यात कुठेच बसत नाही. त्याचे वृषण मूत्रपिंडाजवळ, आत, आणि पिल्लं तर होतातच. बरीच वर्षं लोक म्हणायचे की हत्ती जुन्या वळणाचा, उतरणं नंतर आलं. २०१८ मध्ये विराग शर्मा, मायकेल हिलर आणि सहकाऱ्यांनी जनुकं तपासली, तर हत्तीच्या काही नातलगांत वृषण उतरवणाऱ्या जनुकांचे मोडके अवशेष सापडले. म्हणजे पूर्वजांचे उतरत होते, यांनी ते सोडून दिलं. का, आणि त्यांचं आत कसं निभतं, हा प्रश्न तिथेच उभा आहे.

शेवटी घरची गोष्ट. आपली गीर, कांक्रेज, ओंगोल ही वशिंडाची जनावरं एकोणिसाव्या-विसाव्या शतकात बोटीनं ब्राझीलला गेली आणि तिथे गीर, गुझेरा, नेलोरे म्हणून नांदली. २००४ मध्ये ब्रिटो आणि सहकाऱ्यांनी अशा वशिंडाच्या वळूंची, युरोपी वळूंची आणि संकरितांची तणाव्यांची जागा मोजली. वशिंडाच्या वळूत वृषणाच्या आकाराच्या मानानं रोहिणी जास्त लांब, तिची भिंत जास्त पातळ आणि तिच्यातलं व नीलेतलं अंतर कमी निघालं. उन्हाळ्याला आपली जनावरं टिकतात हे आजोबांना माहीत होतं, ते कातडीला आणि पोळीला श्रेय देत. त्यातलं थोडं श्रेय या दोन नळ्यांच्या शेजारालाही द्यायला हवं.

हल्ली वळू तपासताना काही ठिकाणी उष्णता दाखवणारा कॅमेरा वापरतात. निरोगी वळूच्या मागून काढलेलं चित्र असं दिसतं, की पिशवीचा वरचा भाग, जिथे वेटोळी आहेत, तो तांबडा-पिवळा, आणि तिथून खाली रंग पायरीपायरीनं उतरत तळाशी हिरवा-निळा. सगळीकडे एकच तांबडा रंग आला, तर वळू कितीही उमदा दिसो, गाय बाजारात न्यायच्या आधी त्याचं वीर्य तपासतात.